समुद्रफुलाची बदली

पट्टीसाहेबांचं समुद्रफूल पहिल्यांदा हललं तेव्हा साहेबांना वाटलं, आपली खुर्चीच हलली असावी. पण ती शक्यता त्यांनी तिथल्या तिथे निकालात काढली. बैठकीच्या खोलीतली त्यांची खुर्ची अकरा वर्षांत कुणी हलवली नव्हती. तिच्या चार पायांनी गालिच्यात चार खड्डे पाडले होते आणि बायको झाडताना खुर्चीला वळसा घालून झाडत असे. म्हणजे हललं होतं ते फूलच. सोमवारी खुर्चीच्या बरोबर समोर, काचेच्या टाकीच्या मधोमध, साहेबांनी स्वतःच्या हाताने नेमून दिलेल्या दगडावर असलेलं फूल मंगळवारी सकाळी चार बोटं डावीकडे होतं. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ऑफिसच्या बॅगेतून पट्टी काढली.

या पट्टीबद्दल आधी सांगायला हवं, कारण साहेबांचं नावच तिच्यावरून पडलं होतं. साहेब पाणीपुरवठा खात्यात आस्थापना अधिकारी होते, म्हणजे सरळ भाषेत सांगायचं तर बदल्या करणारे. कुठल्या पंपावरचा माणूस कुठल्या पंपावर जाईल, हे त्यांच्या सहीने ठरे. अशा खुर्चीत बसणाऱ्यावर वशिल्याचा आळ यायचाच. म्हणून साहेबांनी पहिल्याच वर्षी युक्ती काढली. बदल्यांची यादी समोर आली की ते एक रुंद स्टीलची पट्टी उभी धरून नावांच्या रकान्यावर ठेवत. नावं झाकली जात. उरे तो कर्मचारी क्रमांक, पद, कुठून आणि कुठे. "मी माणसं बघत नाही, पदं बघतो," असं ते कुणालाही सांगत, निरोपसमारंभात सांगत, लग्नाच्या पंगतीतही सांगत. ऐकणाऱ्याला पहिल्या वेळी कौतुक वाटे. तिसऱ्या वेळी तो घड्याळ बघे.

खरी गोष्ट अशी की या पट्टीमुळे साहेबांना झोप फार छान लागे. अंथरुणाला खिळलेल्या आईचा एकुलता एक मुलगा दूर कुठेतरी धरणावर फेकला गेला, तर तो काही साहेबांनी फेकलेला नसे. क्रमांक दोनशे चाळीस धरणावर गेलेला असे. साहेबांची स्वतःची मात्र एकतीस वर्षांत एकदाही बदली झाली नव्हती. बदल्या करणाऱ्याची बदली करायची तर ती यादीही त्याच्याच टेबलावरून जाते, आणि स्वतःचा क्रमांक साहेबांना पट्टीखालूनसुद्धा ओळखू आला असता.

तर साहेबांनी त्या पट्टीने टाकीच्या काचेवर माप घेतलं. साडेसात सेंटिमीटर.

"अगं, हे हललंय," त्यांनी हाक मारली.

टाकी बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या अर्ध्या भिंतीवर होती, दोन्ही बाजूंनी काच. पलीकडे ओट्यापाशी बायको उभी होती. पाण्यातून तिचा चेहरा जरा हिरवट दिसे. साहेबांना त्याची सवय होती.

"कळलं," ती म्हणाली. "काल संध्याकाळपासून चाललंय ते."

"मग मला सांगायचं नाही?"

"मला वाटलं, त्याने सांगितलं असेल तुम्हाला."

साहेबांनी याकडे कानाडोळा केला. बायकोच्या बोलण्यात काही वेळा खोच असते हे त्यांना सव्वीस वर्षांच्या संसारात ऐकून माहीत होतं, पण खोच कुठे टोचते ते बघायला त्यांना कधी सवड झाली नव्हती.

बायको त्यांच्याच खात्यात होती. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत तिची सव्वीस वर्षं गेली होती. बाटलीतलं पाणी नुसतं उजेडात धरून कुठल्या विहिरीचं ते सांगावं, असा तिचा हात. नऊ वर्षांपूर्वी किनाऱ्यावर खात्याची नवी प्रयोगशाळा उघडली, समुद्राचं पाणी पिण्याजोगं करायच्या कामासाठी, आणि तिच्या प्रमुखपदासाठी तिने अर्ज केला. चार तासांचा रस्ता, म्हणजे तिथेच राहणं आलं. साहेबांनी एक दिवस घरी येऊन बूट काढता काढता सांगितलं, "वरून नकार आला गं. मी बोलून बघितलं. पण वरचे लोक कुणाचं ऐकत नाहीत." ती यादी साहेबांच्या टेबलावर आली होती, आणि टेबलाच्या वर त्या खोलीत फक्त पंखा होता. एकतीस वर्षांत साहेबांनी नावावरची पट्टी एकदाच उचलली, ती त्या दिवशी. उचलली, नाव बघितलं, "सेवेच्या निकडीमुळे विनंती अमान्य" असं लिहिलं आणि पट्टी परत ठेवली. सेवेची निकड म्हणजे सकाळचा चहा, सापडणारे मोजे, आणि संध्याकाळी दार उघडायला घरात कुणीतरी असणं.

मनाला टोचणी त्यांना लागली होती, नाही असं नाही. म्हणून तर पुढच्याच महिन्यात त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी आणली. "तुला समुद्र हवा होता ना? घे, घरात आणला," असं म्हणाले आणि टाकी आपल्या खुर्चीसमोर बसवून घेतली. दगड त्यांनी मांडले, मासे त्यांनी निवडले, पाहुण्यांना माहिती त्यांनी दिली. पाणी तेवढं बायको बघे. दर रविवारी ती नळीत थेंब टाकून खार मोजी, घाण मोजी, जुनं पाणी काढी, नवं कालवी. हे काम तिचंच, कारण समुद्र तिला हवा होता.

आता त्या वेळी किनाऱ्यावर नेमले गेलेले प्रमुख निवृत्त होत होते. जागा पुन्हा रिकामी झाली आणि बायकोने पुन्हा अर्ज केला. घरी काही बोलली नाही. रीतसर, वरिष्ठांमार्फत, आवक-जावकचा शिक्का घेऊन अर्ज साहेबांच्या टेबलावर आला. वर पहिल्याच ओळीत अर्जदाराचं नाव. साहेबांनी ते एवढंच वाचलं, कागदाची घडी घातली आणि तो खालच्या ड्रॉवरमध्ये, डोकेदुखीच्या गोळ्यांशेजारी ठेवून दिला. नाकारलाही नाही, पाठवलाही नाही. मुदत संपली की अर्ज आपोआप मरतो, त्याला कुणी मारावं लागत नाही. त्याच आठवड्यात ते जाऊन समुद्रफूल घेऊन आले. या वेळची भरपाई त्यांनी आगाऊच केली होती.

आणि ते फूल आता हलत होतं.

बुधवारी आणखी पाच सेंटिमीटर. गुरुवारी ते दगडाच्या कडेवर लोंबकळलं होतं, मिटून लहान झालं होतं, आणि त्याच्या आश्रयाने राहणारे टाकीतले दोन्ही नारिंगी मासे घर हरवल्यासारखे त्याच्याभोवती घिरट्या घालत होते. साहेबांनी एक वही सुरू केली. रकाने नेहमीचेच आखले: दिनांक, कुठून, कुठे, कारण. कारणाच्या रकान्यात पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, "समजत नाही." दुसऱ्या दिवशी, "परवानगीशिवाय." तिसऱ्या दिवशी त्यांची पेन्सिल कागदातून आरपार गेली.

शुक्रवारी ते फूल विकणाऱ्या टाकीवाल्याकडे गेले. हा माणूस दिवसभर कोपरापर्यंत पाण्यात असे आणि गिऱ्हाइकाकडे बघायच्या आधी माशांकडे बघे.

"साहेब, त्याला फूल म्हणतात, पण जनावर आहे ते," तो म्हणाला. "एक पाय असतो त्याला. त्या पायावर सरकतं. उजेड बघतं, पाण्याची ओढ बघतं, पाय खुपसायला फट बघतं. पटलं की बसलं. मग वर्षभर हलणार नाही."

"मी दिलीय ना त्याला जागा. सगळ्यात चांगली. मधोमध."

"कुणाच्या मधोमध?"

"माझ्या. म्हणजे टाकीच्या."

टाकीवाला हात पुसत म्हणाला, "त्याला टाकीचा मध्य कळत नाही साहेब. त्याला पायाखालचं कळतं. आणि हे बघा, ओढून काढू नका हं. पाय फाटतो. फाटला की गेलं. आणि पंपाला स्पंज लावून ठेवा. हिंडता हिंडता पंपात शिरलं ना, तर त्याच्या चिंधड्या होतील आणि अख्खी टाकी नासेल."

"मग त्याला एका जागी ठेवायचं कसं?"

"पाणी बदला, उजेड बदला, दगड बदला. ते काही बदलणार नाही."

असल्या सल्ल्याला साहेबांच्या लेखी काही किंमत नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी आदेश काढले होते आणि माणसं गेली होती. रडत गेली, शिव्या देत गेली, पण गेली. एका पायाच्या, बिनडोक्याच्या प्राण्याने आदेश धाब्यावर बसवावा, हे त्यांच्या मनाला लागलं. शनिवारी त्यांनी लाटा काढणारा पंप वळवून त्याचा झोत फुलावर सोडला, म्हणजे ते परत मधोमध सरकेल. फूल उलटीकडे सरकलं. रविवारी त्यांनी बर्फाचा खडा घेऊन त्याच्या पायापाशी धरला. पाय सुटला. साहेबांनी ते ओंजळीत घेऊन मधल्या दगडावर ठेवलं, हात हुळहुळला तरी सोडलं नाही, आणि विजयी मुद्रेने खुर्चीत येऊन बसले. चहा संपायच्या आत फूल निघालं होतं.

"राहू द्या ना त्याला हवं तिथे," पलीकडून बायको म्हणाली. ती नळीत थेंब मोजत होती. "पाणी बरोबर आहे. खार बरोबर आहे. जागा बरोबर नाही, बाकी काही नाही."

"जागा मी ठरवतो."

"हो, ते माहितीय मला."

तिने नळी उजेडात धरली, रंग बघितला, आकडा लिहिला. मग बाही वर करून हात टाकीत घातला आणि पंपाच्या तोंडावर काळा स्पंज बसवला.

"काढ तो," साहेब म्हणाले. "घाण दिसतो."

"दिसू दे. फुलाच्या चिंधड्या झालेल्या त्याहून घाण दिसतील." मग हात पुसता पुसता, जणू खाराचाच आकडा सांगावा तसं तिने विचारलं, "माझ्या अर्जाचं काय झालं हो?"

"प्रक्रियेत आहे," साहेब म्हणाले.

"बरं," बायको म्हणाली.

हे 'बरं' साहेबांना फार आवडे. त्यांच्या मते त्यांचा संसार या एका शब्दावर सुखाने चालला होता. त्या शब्दात किती पाणी मुरलं होतं हे तपासायला पाण्याची जाणकार बाई लागली असती, आणि घरात तशी एकच होती.

सोमवारी साहेबांनी शेवटचा उपाय केला. स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची जाळीदार टोपली उचलली, फूल पुन्हा मधल्या दगडावर ठेवलं, वर टोपली पालथी घातली आणि टोपलीवर दगड ठेवला. आता फूल मधोमध होतं. दिसत नव्हतं, पण मधोमध होतं. वहीत त्यांनी लिहिलं, "मूळ जागी रुजू." तीन दिवस रोज सकाळी त्यांनी खुर्चीत बसून टोपलीकडे समाधानाने बघितलं. जाळीतून दिसणारा गोळा रोज थोडा लहान आणि थोडा करडा होत होता. साहेबांनी त्याचं माप घेतलं नाही, कारण तो हलत नव्हता.

गुरुवारी ऑफिसात मोठ्या बाई यादी घेऊन आल्या. मोठ्या बाई म्हणजे साहेबांच्या हेडक्लार्क. पंधरा वर्षं साहेबांच्या टेबलावर कागद ठेवणं आणि उचलणं हे त्यांचं काम, आणि कागदावर काय आहे हे साहेबांपेक्षा त्यांना नेहमीच जास्त माहीत असे. काही बदल्या मुख्य कार्यालय परस्पर करी; तशा अकरा मंजूर होऊन आल्या होत्या. त्या अकरा जणांना इथून कार्यमुक्त करायच्या आदेशावर साहेबांची सही हवी होती. साहेबांनी पट्टी काढली, उभी धरली आणि नावांच्या रकान्यावर ठेवली.

"साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या, "आज जरा नावं बघून घ्या."

"का? कुणाची शिफारस आलीय?"

"शिफारस नाही हो. पण बघून घ्या."

"बाई, पंधरा वर्षं झाली तुम्हाला इथे," साहेब खुर्चीत मागे रेलले. मोठ्या बाईंनी हात बांधले, कारण पुढचं त्यांना पाठ होतं. "मी माणसं बघत नाही. मी पदं बघतो. उद्या माझा सख्खा भाऊ जरी यात असला..."

"भाऊ नाहीये साहेब."

"समजा असला. तरी पट्टी उचलली जाणार नाही."

"निदान सातव्या ओळीवरची तरी उचला," मोठ्या बाई म्हणाल्या. यापेक्षा जास्त बोलणं म्हणजे साहेबांच्या घरात नाक खुपसणं झालं असतं, आणि मोठ्या बाईंना आपलं नाक प्रिय होतं.

साहेबांनी सातवी ओळ बघितली, अर्थात पट्टीच्या उजवीकडची. कर्मचारी क्रमांक तीनशे सतरा. पद, प्रयोगशाळा प्रमुख. 'कुठून'वर त्यांची नजर थांबलीच नाही, ती सरळ 'कुठे'वर गेली: किनाऱ्यावरची प्रयोगशाळा.

साहेबांच्या छातीवरचं ओझंच उतरलं. जागा भरली होती. कुणीतरी तीनशे सतरा नावाचा देवमाणूस तिथे चालला होता, आणि ड्रॉवरमधला अर्ज कुणी हात न लावता गतप्राण झाला होता. नाकारायचं पापही लागलं नाही. आनंदाच्या भरात त्यांना मोठ्या बाईंचा चेहरा दिसला नाही. नाहीतरी चेहरे बघायची त्यांना सवय कुठे होती? त्यांनी सही केली, सहीखाली नेहमीपेक्षा एक जास्तीचा फराटा ओढला आणि म्हणाले, "आजच जाऊ दे हे. यांची कामं अडायला नकोत."

"बरं साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या. कागद उचलून त्या दारापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि मग निघून गेल्या.

घरी येताना साहेबांनी वाटेत बायकोसाठी बिस्किटांचा पुडा घेतला. तिची समजूत घालावी लागणार होती आणि समजूत काढायला त्यांना आवडे. दार तिनेच उघडलं. साहेब बूट काढायला वाकले आणि खालूनच सुरू झाले, "अगं, जरा वाईट बातमी आहे. त्या किनाऱ्यावरच्या जागेचं. वरून दुसऱ्याच कुणाला दिली. मी बोलून बघितलं, पण वरचे लोक..."

"कुणाचं ऐकत नाहीत," बायकोने वाक्य पुरं केलं.

"हो ना. तू मनाला लावून घेऊ नकोस. इथे काय कमी आहे? बघ, नवीन फूलसुद्धा..."

एवढं बोलून ते टाकीकडे वळले. टोपली नव्हती. मधला दगड रिकामा होता. टोपली स्वयंपाकघरात धुऊन निथळत ठेवलेली होती.

"टोपली कुणी काढली?"

"मी. सकाळी, तुम्ही गेल्यावर. मरत होतं ते."

"आणि कुठे गेलं?"

"गेलं. दिवसभर चालत होतं. जागा सापडली बहुतेक त्याला."

साहेब टाकीला नाक लावून शोधू लागले. मोठ्या दगडामागे, अगदी पलीकडच्या काचेला लागून काहीतरी गुलाबी होतं. खुर्चीतून ते दिसणं शक्य नव्हतं. साहेब उसळले. घरातली शिस्त, तिने न विचारता केलेलं काम, टोपली नेमकी कशासाठी होती, असं बरंच बोलले. बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग तिने टेबलावरचा कागद उचलून त्यांच्यापुढे धरला.

"हे वाचा आता."

कार्यमुक्तीचा आदेश होता. अकरा ओळी. खाली त्यांचीच सही आणि तो जास्तीचा फराटा. सातव्या ओळीत, क्रमांक तीनशे सतराच्या डावीकडे, ठसठशीत अक्षरांत त्यांच्या बायकोचं नाव होतं.

साहेब खुर्चीत बसले. 

"पण तुझा अर्ज तर..."

"ड्रॉवरमध्ये आहे. डोकेदुखीच्या गोळ्यांशेजारी. मोठ्या बाईंनी सांगितलं मला."

"मग वर गेला कसा?"

"आगाऊ प्रत," बायको म्हणाली. "मूळ अर्ज वरिष्ठांमार्फत आणि एक प्रत सरळ मुख्य कार्यालयाला. नियमच आहे तसा, तुम्हीच शिकवता सगळ्यांना. अर्जाच्या खाली लिहिलंही होतं मी तसं. शेवटची ओळ."

साहेबांनी पहिली ओळ वाचली होती.

"मला माहीत असतं तर..." ते म्हणाले आणि थांबले, कारण या वाक्याचा शेवट काय आहे ते दोघांनाही माहीत होतं.

"तुम्हाला माझा क्रमांक माहीत नाही," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दर महिन्याच्या पगारपत्रकावर असतो. सव्वीस वर्षं तुमच्या ऑफिसातून येतं ते. फूल साडेसात सेंटिमीटर सरकलं ते वहीत आहे."

"मी नावं बघत नाही, हे तुला माहितीय. तत्त्व आहे ते."

"मागच्या वेळी मात्र उचलली होती ना पट्टी?"

साहेबांनी मान वर केली. बायको त्यांच्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्याचीच साहेबांना भीती वाटली. तिला माहीत होतं. कालपासून नव्हे, नऊ वर्षांपासून माहीत होतं. 'सेवेच्या निकडीमुळे' हे शब्द खात्यात दुसरं कोण लिहितं? तिने तो नकार वाचला होता, घडी घालून ठेवला होता, आणि दर रविवारी त्यांच्या टाकीचं पाणी बदललं होतं.

"रद्द करता येईल," साहेब चाचरत म्हणाले. "मी उद्या कळवतो वर. चुकून सही झाली म्हणून."

"कळवा की. न वाचता सही केली म्हणून लिहा. एकतीस वर्षं असंच करतो, हेही लिहा. मग त्यांना सगळ्याच जुन्या याद्या पुन्हा काढून तपासाव्या लागतील."

साहेबांनी कळवलं नाही.

सोमवारी बायको गेली. दोन बॅगा, चष्म्याचं जादा घर आणि थेंबांच्या बाटल्यांची पेटी एवढंच तिने नेलं. पाणी कसं कालवायचं ते एका कागदावर ठळक लिहून तिने टाकीवर चिकटवलं. सुट्ट्यांना येईन म्हणाली, आणि ती येणार होती, ती काही खोटं बोलणारी बाई नव्हती. दारात तिने साहेबांच्या शर्टाची कॉलर नीट केली. साहेबांना वाटलं, आता रडू येईल. पण रिक्षा आली.

पुढचे आठ दिवस साहेबांनी चहा स्वतः केला आणि मोजे शोधले. ऑफिसात मोठ्या बाई त्यांच्याशी नेहमीपेक्षा प्रेमाने वागत, त्याचा त्यांना जास्त त्रास होई. घरी आले की ते खुर्चीत बसून समोरच्या रिकाम्या दगडाकडे बघत. नवव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फोन केला.

"आठ दिवस झाले, फूल हललं नाही," ते म्हणाले. "काचेवर खूण करून ठेवलीय मी. तसूभर नाही."

"मग रमलं म्हणायचं."

"अगं, पण मला दिसत नाही ते. खुर्चीतून नुसता दगड दिसतो."

पलीकडे काचेच्या बाटल्या एकमेकींना लागल्याचा आवाज आला. कुणीतरी तिला काही विचारलं, तिने काही सांगितलं, आणि कुणीतरी हसलं.

"मग खुर्ची हलवा ना," बायको म्हणाली.

"कुठे?"

"ओट्यापाशी. मी उभी असायचे तिथे. चला, ठेवते, नमुने आलेत."

साहेब थोडा वेळ फोन हातात धरून बसले. मग उठले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खुर्चीला हात घातला. ती जड होती, जराशीच सरकली. पुढे ढकलायच्या आधी त्यांनी पट्टी घेऊन माप घेतलं, कारण ते त्यांना जमत होतं. खुर्चीची रुंदी बहात्तर. ओटा आणि टाकी यांच्यातली जागा पंचावन्न. दोनदा मोजलं, तरी पंचावन्नच. खुर्ची परत ठेवायला गेले, तर तिचा एक पाय काही केल्या त्याच्या खड्ड्यात बसेना.

शेवटी ते खुर्ची तशीच तिरकी सोडून ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. फूल तिथे होतं. दगडाच्या फटीत पाय रोवून, वीतभर उघडलं होतं, आणि त्याच्या बोटांसारख्या पाकळ्यांमध्ये दोन्ही नारिंगी मासे लोळत होते. इतकं मोठं, इतकं सुंदर ते मधल्या दगडावर एकदाही दिसलं नव्हतं. साहेब बघत राहिले. मग त्यांची नजर फुलावरून पुढे गेली, पाण्यातून आरपार, पलीकडच्या खोलीत. टाकीच्या बरोबर मधोमध त्यांची रिकामी खुर्ची दिसत होती, जरा हिरवट. नऊ वर्षं तिला इथून काय दिसत होतं ते साहेबांना आत्ता दिसलं, आणि त्यांना फार लाज वाटली.

थोड्या वेळाने त्यांचे पाय दुखायला लागले. त्यांनी टेकायला काही आहे का म्हणून आजूबाजूला बघितलं. तिथे बसायला काही नव्हतं. तिथे कधीच नव्हतं.